भेडाघाटची शिळा आणि नीलकंठशास्त्र्यांचे प्रश्न

जबलपुरातील मराठी घरांत पाहुणा आला की त्याला भेडाघाट दाखवावयाचा, हा रिवाज जुना आहे. धुवांधारचे तुषार अंगावर घ्यावेत, पंचवटी घाटावरून नावेत बसावे, नावाड्याची यमके ऐकत संगमरवरी कड्यांमधून फिरून यावे, आणि पायांत बळ उरले असल्यास टेकडीच्या पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या गोल आवारातील गौरीशंकराचे दर्शन घ्यावे, असा क्रम ठरलेला. शाळांच्या सहलीही याच वाटेने जातात. परंतु याच भेडाघाटात एके काळी विद्यार्थ्यांसाठी बांधलेली एक वास्तू होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. कलचुरी राजा गयाकर्ण याची विधवा राणी अल्हणदेवी हिने कलचुरी संवत् ९०७ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५५ च्या सुमारास, येथे शिवाचे देवालय बांधले आणि त्याच्या जोडीला मठ, व्याख्यानशाळा व उद्याने उभारली. त्यांच्या व्यवस्थेसाठी गावांचे उत्पन्न लावून दिले आणि तो कारभार रुद्रराशी नावाच्या पाशुपत आचार्याकडे सोपविला. व्याख्यानशाळा म्हणजे शास्त्र समजावून सांगण्याची जागा. आणि भारतीय परंपरेत शास्त्र समजावणे हे पूर्वपक्षावाचून होत नाही. प्रतिपक्षाची शंका आधी तिच्या पूर्ण बळानिशी मांडावयाची, मग उत्तर द्यावयाचे, ही त्या परंपरेची शिस्त होती.

हे सारे ज्या शिलालेखावरून कळते, ती शिळा आज भेडाघाटात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिट्झएडवर्ड हॉल नावाचा एक अमेरिकन संस्कृतज्ञ सागर-नर्मदा प्रदेशात शिक्षण खात्याचा निरीक्षक होता. त्याआधी तो काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत अध्यापक होता. सत्तावन्नच्या धामधुमीत सागरच्या किल्ल्यात अडकून पडलेल्यांत तोही होता. भेडाघाटचा हा लेख त्याने अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि शिळाही त्या संस्थेच्या संग्रहात गेली. पुढे कीलहॉर्न यांनी तिचे पुन्हा वाचन केले, आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरींच्या कोरीव लेखांच्या १९५५ च्या बृहद्ग्रंथात तिला तिचे स्थान दिले.

याच हॉलने १८६२ मध्ये कलकत्त्याहून एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. तो त्याचा स्वतःचा नव्हता, अनुवाद होता. मूळ ग्रंथ हिंदीतील ‘षड्दर्शन दर्पण’ (१८६०), आणि त्याचे कर्ते होते नेहेम्या नीलकंठशास्त्री गोऱ्हे. काशीच्या पंडित-कुळातील हे चित्पावन ब्राह्मण ख्रिस्ती झाले होते, आणि या ग्रंथात त्यांनी हिंदू दर्शनांचे खंडन केले होते. ग्रंथ आज फारसा कोणी वाचत नाही, आणि त्यातील खंडन कित्येक ठिकाणी एकांगी आहे हेही खरे. परंतु ज्या माणसाने तो लिहिला, त्याच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे खंडन-मंडनाच्या पलीकडची एक गोष्ट दिसते. धर्म बदलला तरी या माणसाने प्रश्न विचारणे सोडले नाही, आणि त्यातील सर्वांत टोकदार प्रश्न त्याने ज्या धर्माचा स्वीकार केला त्याच धर्माला विचारले.

नीलकंठशास्त्र्यांचा जन्म १८२५ चा, बुंदेलखंडातील काशीपुरा या गावचा. घराण्यातील वडीलधारी मंडळी बांद्याच्या नवाबाच्या पदरी होती. बाजीराव-मस्तानीच्या वंशातले हे नवाब, म्हणजे पेशवाईचीच एक उत्तरेकडे पसरलेली शाखा. मराठी माणूस त्या काळी नर्मदेच्या उत्तरेस कसा स्थिरावला, याचा हे कुटुंब एक नमुना होय. पुढे गोऱ्हे काशीत राहिले, आणि नीलकंठाचे शिक्षण पारंपरिक शास्त्री म्हणून झाले. काशीच्या बाजारात मिशनरी उभे राहून प्रवचन करीत. त्यांचे तोंड बंद करावे या हेतूने हा तरुण शास्त्री चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे जाऊ लागला.

त्या वादाला एक ग्रंथही निमित्त झाला. कंपनी सरकारातील अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हे पुस्तक संस्कृत श्लोकांत लिहून ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व प्रतिपादिले होते. पंडितांशी बोलावयाचे तर पंडितांच्या भाषेत बोलावे, ही म्यूर यांची समज चांगली होती. त्याला संस्कृतातूनच तीन उत्तरे आली. पहिले ‘सोमनाथ’ या नावाने आले. ते नाव धारण करणारे गृहस्थ म्हणजे भोपाळजवळच्या सीहोरचे मराठी पंडित सुबाजी बापू असावेत, असे अभ्यासकांनी दाखविले आहे. त्यांचा सूर सौम्य होता: ईश्वरानेच निरनिराळ्या लोकांना निरनिराळे मार्ग दिले, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या मार्गाने जावे. दुसरे बंगालमधील हरचंद्र तर्कपंचानन यांचे. तिसरे १८४४ चे ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, आणि ते एकोणीस वर्षांच्या नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचे.

या तरुणाने विचारलेले प्रश्न आजही सोपे झालेले नाहीत. पूर्वजन्म नसेल तर नुकत्याच जन्मलेल्या अर्भकाने कोणते पाप केले म्हणून त्याला दुःख? मुकी जनावरे कोणत्या अपराधाची शिक्षा भोगतात? चार दिवसांच्या आयुष्यातील पापासाठी अनंत काळचा नरक हा कोणता न्याय? आणि येशूचे नावही ज्यांच्या कानावर गेले नाही अशा असंख्य माणसांची वाट काय? म्यूर यांना दिलेले हे उत्तर केवळ वितंडा नव्हते. कर्मसिद्धान्ताच्या आधारे जगातील दुःखाचा उलगडा करणाऱ्या शास्त्र्याला ख्रिस्ती मत खरोखरच अपुरे वाटत होते.

यानंतर जे घडले ते कोणालाही चमत्कारिक वाटावे. पूर्वपक्षाचे खंडन करण्यासाठी बायबल वाचू लागलेला हा शास्त्री त्या पूर्वपक्षाकडेच ओढला गेला. घरच्यांचा विरोध, पत्नीची ताटातूट, स्वतःच्या मनाची ओढाताण हे सर्व पत्करून १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, परंतु फार काळ जगल्या नाहीत. १८५३ मध्ये जन्मलेली मुलगी एलेन लक्ष्मी आईविना, इंग्रज कुटुंबांच्या आश्रयाने वाढली. ती पुढे इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून नावारूपाला आली. मतांतराच्या कथा सांगताना दोन्हीकडचे प्रचारक हा घरगुती हिशेब सोयीस्करपणे गाळतात, म्हणून तो येथे नोंदविलेला बरा.

मिशनरी वृत्तान्त सहसा बाप्तिस्म्यापाशी संपतो. नीलकंठशास्त्र्यांची खरी कहाणी तेथून पुढे सुरू होते. १८५४ मध्ये महाराजा दलीपसिंग यांच्या परिवारातून ते इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डमध्ये मॅक्सम्यूलर यांची भेट झाली. त्या भेटीची हकिकत मॅक्सम्यूलर यांनी उतारवयात लिहिली आहे. शास्त्री अत्यंत खिन्न होते. ख्रिस्ती देश म्हणजे शुभवर्तमानातील आचरण प्रत्यक्ष जगणाऱ्यांचा देश, या समजुतीने ते आले होते. लंडनमध्ये आणि ऑक्सफर्डमध्ये त्यांना जे दिसले ते वेगळेच होते. हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण परत जाऊ, आणि हे आधी कळले असते तर ख्रिस्ती झालो नसतो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार होते. यजमानाच्या घरी बसून यजमानाच्या धर्मजीवनाविषयी इतके स्पष्ट बोलावयास धैर्य लागते. त्याहून अधिक धैर्य लागते ते, ज्या निर्णयासाठी सर्वस्व दिले त्याच्याविषयी असे बोलावयास.

ते परत गेले नाहीत. ख्रिस्तावरची श्रद्धा त्यांनी सोडली नाही, परंतु शंकांनीही त्यांची पाठ सोडली नाही. ज्या मिशनमध्ये बाप्तिस्मा झाला तेथील साधी, प्रवचनप्रधान उपासना त्यांना अपुरी वाटू लागली. प्राचीन परंपरा आणि धर्मगुरूंची अखंड मालिका मानणाऱ्या उच्च अँग्लिकन पंथाकडे ते वळले. १८६८ मध्ये दीक्षेची पहिली पायरी आणि १८७० मध्ये धर्मगुरूपद त्यांना मिळाले. काउली येथील संन्यस्त संघात त्यांनी उमेदवारी केली. पूर्ण व्रतबंधन मात्र शेवटपर्यंत घेतले नाही. राहणी विरक्त ब्राह्मणाची राहिली, उपास चालूच राहिले. एकीकडे ब्राह्मसमाज आणि प्रार्थनासमाज यांच्याशी ते कडाडून वाद घालीत, आणि दुसरीकडे आपण मानतो ते खरोखर प्रमाण आहे काय, या प्रश्नाने स्वतः अस्वस्थ होत. नैयायिकाचे शिक्षण घेतलेल्या बुद्धीला प्रमाणाशिवाय चैन पडत नव्हते, आणि प्रमाण शोधावयास जावे तर एका चर्चकडून दुसऱ्या चर्चकडे वाट जात होती. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या शब्दाने ज्यांचे मन फिरले त्यांत पंडिता रमाबाई होत्या. १८८२-८३ मध्ये पुण्यात रमाबाईंनी गोऱ्ह्यांचे बोलणे ऐकले होते. पुढे त्या इंग्लंडात असताना, ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त आहे याला प्रमाण काय, या विषयावरील गोऱ्ह्यांच्या लेखनाने आपल्या मनातील ब्राह्ममताचा अडसर दूर झाला, असे त्यांनी पुढे सांगितले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटिज येथे, मनोरमेसह, त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथपर्यंत गुरू-शिष्यांची वाट एक आहे. नंतर ती फुटते.

वाँटिजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांना रमाबाई धर्ममाता मानीत, आणि जेराल्डीन यांनाही ही कन्या प्रिय होती. परंतु कन्येने आज्ञाधारकपणे शिकावे अशी त्यांची अपेक्षा होती, आणि रमाबाई होत्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांची लेक. अठरा हजार श्लोकांचे भागवत मुखोद्गत असलेली, सारा हिंदुस्थान पायी तुडविलेली, आई-वडिलांना दुष्काळात गमावलेली, कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत ‘पंडिता’ ही पदवी मिळविलेली. तिने विचारले, देव एक आहे असे मी मानले म्हणून तर मूर्ती सोडल्या. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन कसे? अथानेशियसच्या नावाने चालत आलेला मतांगीकार, जो त्रैक्य न मानणाऱ्याला नरकात धाडतो, तो मी का म्हणावा? कुमारीच्या पोटी जन्म हा श्रद्धेचा आवश्यक भाग आहे, असे नव्या करारात नेमके कोठे म्हटले आहे? आणि इंग्लंडात तर पंथच पंथ. एक म्हणतो बाप्तिस्मा असा, दुसरा म्हणतो तसा. यांतील खरा कोणता हे ठरविण्याचा अधिकार माझ्या विवेकाला नाही, तर कोणाला?

काही वाद वरवर क्षुल्लक होते, पण त्यांच्या मुळाशी तोच प्रश्न होता. मठातील क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी सुचविले की भारतीय ख्रिस्ती स्त्रीच्या क्रूसावर संस्कृत का नसावे? मांसाहाराला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यात जातीचा अभिमान उरला आहे असे मठात मानले गेले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघाली तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी ते अनुचित ठरविले. ज्या बाईने पुरुषांच्या सभा गाजविल्या होत्या तिला हे ऐकून संताप आला नसता तरच नवल. हिंदू पुरोहितशाहीचे जू नुकतेच फेकून आलेली आपली मान पुन्हा तसल्याच जुवाखाली घालण्यास आपण तयार नाही, असे त्यांनी निक्षून कळविले. जेराल्डीन यांनी याला गर्व म्हटले. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील मात्र वेगळ्या होत्या. रमाबाईंना प्रश्न विचारू द्यावेत, दडपण आणले तर जे आहे तेही हातचे जाईल, असे त्यांचे मत होते. शिक्षकी पेशातल्या माणसाने घ्यावा असा धडा या पत्रव्यवहारात कोठे असेल तर तो बीलबाईंच्या पत्रांत आहे.

येथे एक गोष्ट विसरू नये. रमाबाईंचे मन प्रश्नांपाशी थांबून राहिले नाही. १८९१ च्या सुमारास त्यांना असे जाणवले की ख्रिस्ती धर्म तर आपल्याला सापडला, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. आणि मग त्यांची श्रद्धा इतकी ठाम झाली की त्यांच्या पूर्वीच्या उदार मित्रांना ती झेपेना. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या शारदा सदनातील विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून पुण्यात वादळ उठले, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. दार उघडे ठेवले आहे, कोणाला बोलावत नाही, असे रमाबाई म्हणत. आश्रित मुलीच्या बाबतीत उघडे दार आणि आमंत्रण यांत किती अंतर उरते, हा टीकाकारांचा प्रश्नही रास्त होता. स्वतःच्या विवेकासाठी बिशपांशी भांडणाऱ्या बाईला इतरांच्या विवेकाचा हा प्रश्न तितकाच तीव्रतेने जाणवला काय, याविषयी मतभेदाला जागा आहे.

जबलपूर ज्या मध्य प्रांतात होते, त्या प्रांताशी रमाबाईंचा संबंध आला तो १८९६-९७ च्या दुष्काळात. या भागातील हाहाकार ऐकून त्या येथे आल्या, आणि जवळजवळ तीनशे मुली व तरुण विधवांना त्यांनी पुणे जिल्ह्यात आश्रय दिला. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच वाढले. वीस वर्षांपूर्वीच्या दुष्काळात ज्यांनी स्वतः आई-वडील गमावले होते, त्यांना येथे काय दिसले असेल ते सांगावयास नको. केडगावात त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे एका ग्रंथाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत उतरविले. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातील बाईला ते समजत नाही, आणि त्यातील पारिभाषिक शब्द हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थ नकळत आत आणतात, असे त्यांचे म्हणणे होते. क्रूसावर संस्कृत मागणारी तरुणी उतारवयात साध्या बोलीचा आग्रह धरू लागली, यात विसंगती दिसेल. पण दोन्ही वेळा, दुसऱ्याने दिलेले शब्द जसेच्या तसे घेणार नाही हा हट्ट तोच आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. भाषांतर तोवर पूर्ण झाले होते. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले.

मध्य प्रांताच्या रुळांवर आणखी एका कवीचे आयुष्य वळले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थाने नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी, म्हणजे नीलकंठशास्त्र्यांच्या मृत्यूच्याच वर्षी, टिळक ख्रिस्ती झाले. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची भावना होती, आणि कीर्तन-भजनाला त्यांनी ख्रिस्ती उपासनेत मानाची जागा मिळवून दिली. दोन दशके मिशनची सेवा करून १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तेथे एकत्र बसावेत ही कल्पना होती. मिशनच्या पगारावरील धर्म हिंदी मनात रुजणार नाही, हे ते बावीस वर्षांच्या अनुभवाने बोलत होते. दरबार बहरण्याआधीच, मे १९१९ मध्ये, टिळक वारले.

या सर्वांच्या कागदपत्रांचे पुढे काय झाले हेही ऐकण्यासारखे आहे. ज्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त तरुण नीलकंठशास्त्र्यांनी ख्रिस्ती मताचे खंडन केले होते, त्याचे संस्कृत मूळ सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादून १९५१ मध्ये उज्जैनहून प्रसिद्ध केले, तोवर त्याचे कर्ते ‘फादर गोऱ्हे’ म्हणूनच लोकांना माहीत होते. आणि रमाबाईंचा तो तिखट पत्रव्यवहार जतन केला, संगतवार लावला, तो सिस्टर जेराल्डीन यांनीच. ज्या पत्रांत त्यांच्या अधिकारावर, त्यांच्या चर्चवर आणि क्वचित त्यांच्या प्रेमावरही प्रश्नचिन्ह लावले होते, ती पत्रेही त्यांनी ठेवली. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती छापली. संपादक होते अ. भि. शहा, कोणताच धर्म न मानणारे.